वीतभर लांबीची लहर



धान घरात येऊन पडले की डिसेंबराच्या रात्री आपल्या बालाघाट जिल्ह्यातील खेड्यांतून जे आकाश दिसते, ते मोठ्या शहरांतील लोकांस आता दुर्लभ झाले आहे. नाताळाच्या सुमारास रात्री नऊ वाजता अंगणात उभे राहून पूर्वेकडे पाहावे. चार कोपऱ्यांना चार ठळक तारे आणि मधोमध एका ओळीत तीन, असे मृग नक्षत्र तेव्हा बरेच वर आलेले असते. त्या तीन ताऱ्यांस आपले वाडवडील मृगाच्या पोटात रुतलेला बाण म्हणत. ह्या बाणाच्या किंचित दक्षिणेस अंधुक ताऱ्यांची एक लहानशी रांग आहे. नजर स्थिर केली तर तिच्या मध्यावर एक ठिपका इतर ताऱ्यांसारखा टोकदार न दिसता धुरकट, पुसट दिसतो. तो तारा नव्हेच. तो वायूचा व धुळीचा प्रचंड ढग आहे. आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर. प्रकाश एका सेकंदात ३ लाख किलोमीटर धावतो, आणि तरीही तेथून येथवर पोहोचावयास त्यास तेराशे वर्षे लागतात. त्या ढगात नवे तारे जन्मास येत आहेत.

तारे जन्मास येतात हे वाक्य पुष्कळांस विचित्र वाटते. आजोबांनी दाखविलेले तारे नातवासही त्याच जागी दिसतात, तेव्हा ते मुळापासून तसेच असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु माणसाचे आयुष्य फार तोकडे आणि ताऱ्याचे फार लांब, एवढेच त्याचे कारण. आपल्या सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे. त्याआधी सूर्य नव्हता. ज्या वायूपासून तो झाला तो वायू मात्र होता.

हा वायू मुख्यतः हायड्रोजन होय. जुन्या शालेय पुस्तकांत त्यास उद्‌जन म्हणत. दोन ताऱ्यांमधील जागा आपण रिकामी समजतो, पण ती अगदीच रिकामी नाही. तेथे सरासरीने बोटाच्या पेराएवढ्या जागेत हायड्रोजनचा एखादा अणू सापडतो. आपण श्वासात घेतो त्या हवेशी तुलना केली तर हे काहीच नव्हे. पण अवकाश इतके अफाट आहे की ह्या विरळ वायूची बेरीज कोट्यवधी सूर्यांच्या वजनाइतकी भरते. कोठे कोठे तो दाटतो, थंड होतो, त्याचे अणू जोडीजोडीने एकत्र येऊन रेणू बनतात. शून्याखाली सुमारे २६० अंशांपर्यंत थंड झालेला असा काळा ढग स्वतःच्याच भाराने आत खचू लागतो. खचता खचता त्याचा गाभा तापतो, आणि पुरेसा तापला की त्यात अणुभट्टी पेटते. तोच ताऱ्याचा जन्म. आपल्या आकाशगंगेत आजमितीस वर्षाकाठी साधारणतः एकदोन सूर्यांच्या वजनाइतका वायू अशा रीतीने ताऱ्यांत रूपांतरित होतो.

आता अडचण अशी की हा हायड्रोजन थंड असल्यामुळे डोळ्यांस दिसत नाही. मृगातील ढग दिसतो, तो त्यात नुकत्याच पेटलेल्या तरुण ताऱ्यांनी त्यास तापविले म्हणून. उरलेला सारा कच्चा माल अंधारातच असतो. कोठारात धान किती आहे हे कळावयास कोठाराचे दार उघडावे लागते. आकाशातील ह्या कोठाराची किल्ली १९४४ साली हॉलंडमध्ये सापडली.

तो काळ महायुद्धाचा होता. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. वेधशाळांचे काम जवळजवळ ठप्प झाले होते. अशा दिवसांत लायडनचे ज्योतिषी यान ऊर्ट यांनी हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट ह्या तरुण विद्यार्थ्यास एक प्रश्न घातला: आकाशातून रेडिओच्या लहरी येतात हे तर अमेरिकेत दिसून आले आहे, मग त्यांत एखाद्या द्रव्याची स्वतःची अशी ठरावीक लहर असू शकेल काय? व्हान डे हुल्स्ट यांनी कागदावर हिशेब करून उत्तर दिले की हायड्रोजनची तशी लहर असावी, आणि तिची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर असावी. आपल्या घरगुती मापात सांगावयाचे तर वीतभर.

ती कशी उत्पन्न होते? हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन व एक इलेक्ट्रॉन असे दोनच कण असतात. दोहोंच्याही ठिकाणी भोवऱ्याच्या गिरकीसारखा एक गुण आहे, आणि त्यामुळे ते लहानशा लोहचुंबकासारखे वागतात. दोघांच्या गिरक्या एकाच दिशेने असल्या तर अणूत किंचित अधिक ऊर्जा असते. इलेक्ट्रॉनने कूस पालटली की ती ऊर्जा वीतभर लांबीच्या लहरीच्या रूपाने बाहेर पडते. एकटा सोडलेला अणू असे सरासरी १ कोटी १० लाख वर्षांतून एकदा करतो. इतक्या आळशी अणूकडून काय ऐकू येणार, असे कोणासही वाटेल. पण अणूंची संख्याच इतकी अगणित आहे की कोठे ना कोठे प्रत्येक क्षणी कोणीतरी कूस पालटीतच असतो.

सात वर्षांनी ही लहर प्रत्यक्ष सापडली. हार्वर्ड विद्यापीठात हॅरॉल्ड यूएन व एडवर्ड पर्सेल यांनी लाकूड व तांब्याचा पत्रा यांचे एक मोठे नरसाळे बनवून प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसविले होते. पाऊस आला की पाणी त्यातून थेट खोलीत उतरे, आणि हिवाळ्यात विद्यार्थी येताजाता त्यात बर्फाचे गोळे फेकीत. त्याच नरसाळ्याने २५ मार्च १९५१ रोजी हायड्रोजनची लहर पकडली. त्या वर्षी तो ईस्टरचा रविवार होता. थोड्याच आठवड्यांत हॉलंडमध्ये ऊर्ट व म्युलर यांनी आणि ऑस्ट्रेलियात ख्रिश्चनसेन व हिंडमन यांनी तिला दुजोरा दिला. धुळीचे जे ढग प्रकाशास अडवितात ते ह्या लहरीस अडवीत नाहीत, दिवस असो वा रात्र, आभाळ भरलेले असो वा निरभ्र. म्हणून पुढील काही वर्षांत आपल्या आकाशगंगेचे फाटे कसे पसरले आहेत त्याचा पहिला नकाशा ह्याच लहरीच्या आधारे तयार झाला.

ह्या ख्रिश्चनसेन यांच्या नावाजवळ थोडे थांबले पाहिजे, कारण येथून ही हकीकत आपल्या मराठी मुलखाकडे वळते. उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वारा ह्या गावी १९२९ साली जन्मलेले गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ १९५३ साली सिडनीस गेले. ख्रिश्चनसेन यांनी सूर्याचे वेध घेण्यासाठी उभ्या केलेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ थाळ्या तेथे होत्या. त्यांचे तेथील काम संपत आले होते. त्या भारतास मिळाव्यात अशी खटपट स्वरूप यांनी केली, आणि थाळ्या इकडे आल्या. मात्र त्या उभारावयास १९६५ साल उजाडावे लागले. दरम्यान स्वरूप अमेरिकेत शिकून, डॉ. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून १९६३ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले होते. ऑस्ट्रेलियातून आलेल्या त्या जुन्या थाळ्यांचीच भारतातील पहिली रेडिओ दुर्बीण मुंबईजवळ कल्याण येथे झाली. आज कल्याण स्थानकावर गाडी बदलणाऱ्या किती जणांस हे ठाऊक असेल?

पुढे १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण उभी राहिली. आणि त्यानंतर, १९९० च्या दशकात, पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळील खोडद ह्या गावी, ज्या दुर्बिणीविषयी आज मुख्यतः लिहावयाचे आहे ती. पुण्याहून उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरांवर हे गाव आहे. शिवनेरी किल्ला तेथून फार दूर नाही. नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी व तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध आहे. अशा शिवारात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. चौदा थाळ्या मध्यभागी सुमारे एका किलोमीटराच्या परिसरात आहेत. उरलेल्या सोळा तीन फाट्यांनी दूरवर गेल्या आहेत, इतक्या दूर की टोकाच्या दोन थाळ्यांत सुमारे २५ किलोमीटर अंतर पडते. सर्व थाळ्यांनी टिपलेल्या लहरी एकत्र जुळविल्या की जणू २५ किलोमीटर रुंदीच्या एका डोळ्याची तीक्ष्णता येते. तीसही थाळ्यांचे क्षेत्रफळ मिळून सुमारे पावणेबारा एकर भरते.

एवढी थाळी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्यापुढे ती टिकविण्यास अपरंपार लोखंड लागले असते. स्वरूप यांनी निराळी युक्ती काढली. लहर वीतभर किंवा तीहून लांब असेल तर पृष्ठभाग भरीव असण्याची गरजच काय? ज्या चाळणीची भोके दाण्याहून लहान, तिच्यातून दाणा पडत नाही. तसेच जाळीची भोके लहरीच्या मानाने पुष्कळ लहान असली की लहर परत फिरते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. म्हणून पोलादी दोरांच्या ताणांवर न गंजणाऱ्या बारीक तारेची जाळी बसवून ह्या थाळ्या बनविल्या. दुरून त्या इतक्या विरळ दिसतात की पलीकडचे आभाळ दिसते. परदेशी नमुना उचलून आणण्याऐवजी आपल्या खिशास परवडेल असे साधन आपणच शोधून काढणे, ह्यात आम्हांस ह्या दुर्बिणीचा खरा मोठेपणा वाटतो, आकारमान त्यानंतर.

दुर्बीण उभारताना मनात जो मोठा हेतू होता तो विश्वाच्या बाल्यावस्थेतील हायड्रोजनचे अतिप्रचंड ढग शोधण्याचा होता. ते ढग अपेक्षेप्रमाणे हाती लागले नाहीत. दुर्बिणीने मधल्या काळात इतर पुष्कळ कामे केली. परंतु हायड्रोजनचा प्रश्न सुटला नव्हता, आणि तो एका वेगळ्या बाजूने पुन्हा पुढे आला.

तो प्रश्न असा. आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड मेळ्यांस शास्त्रज्ञ दीर्घिका म्हणतात. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश आपल्याकडे येण्यास कोट्यवधी वर्षे लागत असल्याने, जितके दूर पाहावे तितका जुना काळ दिसतो. असे पाहता आढळून आले की ८०० ते १,००० कोटी वर्षांपूर्वी विश्वात तारे फार झपाट्याने जन्मत होते. त्यानंतर हा वेग उतरत जाऊन आज सुमारे एकदशांशावर आला आहे. असे का व्हावे? एखाद्या घरची चूल मंदावली तर पहिला प्रश्न कोठारात किती शिल्लक आहे हाच असतो. पण त्या जुन्या काळी दीर्घिकांच्या कोठारांत हायड्रोजन किती होता हे कोणासच मोजता आले नव्हते, कारण इतक्या दुरून येणारी त्याची लहर अतिशय क्षीण असते. शिवाय विश्व प्रसरण पावत असल्याने वाटेत ती ताणली जाते. ८०० कोटी वर्षांपूर्वी निघालेली वीतभर लहर आपल्यापर्यंत पोहोचेतो दुप्पट होते. दोन विता म्हणजे एक हात, हे आपणांस ठाऊकच आहे; खोडदच्या थाळ्या ह्या हातभर लहरीसाठी उत्तम कान आहेत.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर व जयराम चेंगलूर यांनी, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील शिव सेठी व के. एस. द्वारकानाथ यांच्यासह, हे काम हाती घेतले. एकेका दीर्घिकेची लहर ऐकू येणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी सुमारे शंभर तासांच्या वेधांतून ७,६५३ दीर्घिका निवडल्या. त्यांची स्थाने व अंतरे हवाई बेटावरील केक दुर्बिणीच्या पाहणीतून आधीच ठाऊक होती. अंतरावरून प्रत्येकीची लहर किती ताणली असेल हे कळते. त्याप्रमाणे त्या साऱ्या एका पट्टीवर आणून त्यांची बेरीज केली. जत्रेच्या गोंगाटात एकट्याचे गुणगुणणे कानी पडत नाही. पण हजारो माणसे एकच सूर एकाच वेळी धरतील तर गोंगाट आपापसांत जिरतो आणि सूर वर येतो. तसेच येथे झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘नेचर’ ह्या जगविख्यात नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. गोविंद स्वरूप हे त्याच वर्षी ७ सप्टेंबर रोजी पुण्यात, ९१ व्या वर्षी, निधन पावले होते.

उत्तर काय मिळाले? त्या काळच्या दीर्घिकांजवळ हायड्रोजन पुष्कळ होता. पण त्यांचा खर्चही इतका उधळा होता की बाहेरून नवा वायू न येता तर सारा साठा १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. विश्वाच्या हिशेबात हा फार थोडा काळ होय. आजच्या काळातील दीर्घिकांजवळचा साठा, खर्च मंद असल्यामुळे, ह्याहून कितीतरी अधिक काळ पुरणारा आहे. म्हणजे चूल पेटती ठेवावयास बाहेरून सतत वायू येत राहणे अवश्य होते, आणि ती आवक पुरेशी राहिली नाही तसा ताऱ्यांचा जन्म मंदावला. नंतर ह्याच मंडळींनी ५१० तासांची व ११,४१९ दीर्घिकांची आणखी मोठी पाहणी केली. तीत असे दिसले की सुमारे ९०० कोटी वर्षांपूर्वीपासून ८०० कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या काळात ह्या दीर्घिकांतील सरासरी हायड्रोजन घटून तिसऱ्या हिश्श्याजवळ आला होता. ऐन भराच्या काळानंतर कोठार खरोखरच भराभर उतरत होते.

‘ह्यात आपले काय?’ असे भरवेलीच्या खाणीत पाळी करून आलेला एखादा गृहस्थ विचारील तर तो प्रश्न मुळीच गैर नव्हे. भरवेली, उकवा व तिरोडी येथून निघणारे मँगनीज आणि मलाजखंडचे तांबे पृथ्वीवर तयार झालेले नाही. विश्वाच्या आरंभी हायड्रोजन, हेलियम व नावापुरते लिथियम, एवढेच होते. तांबे मोठ्या ताऱ्यांच्या पोटात घडले. मँगनीजचा बराचसा भाग वृद्ध ताऱ्यांचे स्फोट झाले तेव्हा बाहेर पडला. त्या राखेतून पुढे सूर्य आणि पृथ्वी झाली. ज्या काळाचा हायड्रोजन खोडदला मोजला गेला तो काळ सूर्याच्या जन्माआधी ३०० कोटींहून अधिक वर्षांचा; तेव्हा चूल अधिक मंद असती तर त्या खाणीच्या दगडात काय असते हा प्रश्न अगदीच हवेतला नाही.

परंतु एक दुसरा प्रश्न अधिक जवळचा आणि अधिक कठीण आहे. इतकी क्षीण लहर ऐकावयाची तर भोवती शांतता हवी. चंद्रावर एखादा साधा मोबाइल फोन चालू ठेवला तरी तो आकाशातील ठळक रेडिओ स्रोतांत गणला जाईल. मग गावातल्या फोनचे, ठिणग्या उडविणाऱ्या मोटारींचे, बिघडलेल्या विजेच्या तारांचे काय सांगावे? डोंगरांच्या आडोशाची व तुलनेने शांत अशी जागा म्हणूनच खोडद निवडले गेले, आणि म्हणूनच त्या परिसरात कोणता उद्योग यावा ह्यावर बंधने आहेत. पुणे–नाशिक ह्या द्रुतगती रेल्वेची आखणी प्रथम चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर ह्या बाजूने झाली होती. धावत्या विजेच्या गाडीच्या वर, तारेशी घर्षण होऊन ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी रेडिओचा गोंगाट करते. दुर्बिणीस बाधा येईल म्हणून ही आखणी मंजूर करता येत नाही, असे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितले, आणि अहिल्यानगर व शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढे आला. जुन्नर, आंबेगाव व संगमनेर भागांतील लोकांनी त्यास मोठा विरोध केला.

ह्या लोकांस अडाणी म्हणणारे लोक आहेत. आम्हांस ते बोलणे अन्यायाचे वाटते. ज्या जिल्ह्याने अरुंद रुळांच्या गाडीतून हेलकावे खात वर्षानुवर्षे रुंद रुळांची वाट पाहिली, त्यास रेल्वे दाराशी येते म्हणजे काय होते हे शिकवावयास नको. नाशिवंत माल पिकविणाऱ्या शेतकऱ्यास तर ते अधिकच कळते. उलटपक्षी, प्रयोगशाळेतील गोंगाट मागाहून पैसे भरून वजा करता येत नाही, आणि तीस थाळ्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. आमचे मत विचाराल तर दुर्बीण राखलीच पाहिजे. पण तिचे मोल एकट्या जुन्नर तालुक्याने का म्हणून द्यावे? ज्या ज्ञानाचे श्रेय सगळा देश घेतो त्याच्या शांततेचा खर्चही देशाने उचलावा. तेथील मालास दुसरी चांगली वाट, तेथील मुलांस शिक्षणाची व कामाची संधी, हे शांततेच्या बदल्यातील देणेच समजले पाहिजे. ते अद्याप पुरते दिले गेले आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया येथे अनेक देश मिळून ह्याहून कितीतरी मोठी दुर्बीण उभारीत आहेत. भारत सरकारने जानेवारी २०२४ मध्ये त्या कामी १,२५० कोटी रुपये मंजूर केले. खोडदचे काम तोवर थांबणार नाही. १९९० च्या दशकातील त्या थाळ्यांना नवी यंत्रे बसविली गेली आहेत, आणि वर सांगितलेला शोध त्या नव्या यंत्रांचाच आहे.

दर वर्षी २८ फेब्रुवारी ह्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण सर्वांस पाहण्यासाठी खुली असते, आणि तेथे भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनास खेड्यापाड्यांतील शाळांची मुले हजारोंनी येतात. आपल्याकडून जावयाचे तर गोंदियास महाराष्ट्र एक्सप्रेस धरून पुण्यास उतरावे व तेथून नाशिकच्या रस्त्याने एसटीने नारायणगाव गाठावे. मुलांस न्यावे, मात्र आवारात शिरण्यापूर्वी फोन बंद करण्यास विसरू नये.